मार्टिनांच्या घरातील सुटीचे दिवस

लिझ्यूच्या संत तेरेजेचे नाव घेताच आपल्या डोळ्यांपुढे कार्मेल मठाची जाळी उभी राहते. वयाच्या पंधराव्या वर्षी ती त्या जाळीआड गेली आणि चोवीस वर्षांची असताना तेथेच निवर्तली. आपल्या चर्चमधील तिची मूर्तीही तशीच, हाती गुलाब आणि क्रूस घेऊन एका जागी स्थिर उभी असते. त्यामुळे तिचे माहेरही असेच दार लावून बसलेले, जपमाळेच्या मण्यांवर दिवस मोजणारे असावे, असा आमचा अनेक वर्षे समज होता. सेमिनरीत असताना तिचे आत्मकथन आम्ही वाचले ते आध्यात्मिक वाचन म्हणून. त्यात आगगाड्या किती आहेत, समुद्रकिनारे किती आहेत, याकडे तेव्हा आमचे लक्षच गेले नाही. पुढे तिच्या मातापित्यांची पत्रे वाचण्याचा योग आला आणि निराळेच घर दिसू लागले. ह्या घरातून कोणी ना कोणी सतत प्रवासाला निघत होते आणि मागे राहिलेले कोणी ना कोणी वाट पाहत होते.

आई झेलीबाईंची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. वडील लुई मार्टिन यांची मात्र मोजकीच आहेत. बोलणारी आई आणि अबोल बाप, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नसावा.

फ्रान्समधील आलांसाँ या गावी १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री त्यांचा विवाह झाला. लुई घड्याळजी होते, पस्तिशीला टेकलेले. झेली सव्वीस वर्षांच्या. विवाहानंतर त्याच दिवशी ही जोडी प्रवासाला निघाली, ती सुमारे पन्नास किलोमीटरांवरील ल माँ या शहरी. आपल्याकडे नवी जोडपी महाबळेश्वरला जातात. ही गेली मठात! झेलीबाईंची थोरली बहीण तीनच महिन्यांपूर्वी तेथे धर्मभगिनी होण्यासाठी दाखल झाली होती. जाळीपलीकडे बहिणीला पाहून नववधूने दिवसभर अश्रू ढाळले. ही हकीकत त्यांनी मार्च १८७७ मध्ये, म्हणजे जवळजवळ एकोणीस वर्षांनी, पोलीन या आपल्या मुलीला पत्रातून कळविली आणि सोबत खुलासाही केला, की यावरून तुझ्या वडिलांवर माझे प्रेम नव्हते असे समजू नकोस. त्यांनी मला समजून घेतले आणि माझे सांत्वन केले. विवाहाच्या पहिल्या दिवशीच पत्नीला माहेरच्या आठवणीने रडू देणारा नवरा, ही आमच्या मते या घराची कोनशिला होय.

झेलीबाई लेसचा व्यवसाय करीत. आलांसाँची लेस सुईने विणतात. लहान लहान तुकडे निरनिराळ्या बायका आपापल्या घरी विणून आणतात आणि मग ते असे जोडावे लागतात की सांधा दिसता कामा नये. हे जोडकाम झेलीबाई स्वतःकडे ठेवीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत खिडकीपाशी बसून त्या सांधे जुळवीत. मागण्या वाढल्या तेव्हा १८७० साली लुईंनी आपले घड्याळाचे दुकान भाच्याला विकले आणि पत्नीच्या व्यवसायाचे हिशेब व पॅरिसच्या फेऱ्या स्वतःकडे घेतल्या. वय सेहेचाळीस. ज्या वयात पुरुष आपल्या दुकानाच्या पाटीकडे अभिमानाने पाहतो, त्या वयात पाटी उतरवून पत्नीच्या धंद्याला हातभार लावणे आजही किती जणांना जमेल? त्यांना एकच शौक होता, गळ टाकून मासे धरण्याचा. धरलेले मासे ते बहुधा गावातील क्लारा भगिनींच्या मठात पोचवीत.

नऊ मुले झाली, त्यांपैकी चार लहानपणीच गेली. ऑक्टोबर १८६८ मध्ये मारी आणि पोलीन या थोरल्या दोघी ल माँ येथे मावशीच्या मठातील शाळेत राहावयास गेल्या. तेव्हापासून घराला सुटीचे वेध लागू लागले. नाताळ-नववर्षाची सुटी, ईस्टरची सुटी, उन्हाळ्याची सुटी. मुली यावयाच्या म्हणजे झेलीबाईंच्या लेखणीला वेगळाच वेग येई. आणि त्या परत गेल्या की पुन्हा पत्र, पुन्हा वाट पाहणे. याच काळात दोन तान्हे मुलगे, पाच वर्षांची हेलेन आणि दोन महिन्यांची आणखी एक मुलगी त्यांनी मातीआड केली होती. तरीही मुलींच्या सुटीवर त्यांनी दुःखाची छाया पडू दिली नाही. ज्या घरात नुकताच मृत्यू घडला त्या घरात हसावे की नाही, हा प्रश्न आमच्याकडे अनेक माता विचारतात. आता आम्ही त्यांना हेलेनच्या आईविषयी सांगतो.

ऑगस्ट १८७३ मध्ये झेलीबाई थोरल्या मुलींना घेऊन लिझ्यूला, भाऊ इझिदोर गेराँ यांच्याकडे सुटीला गेल्या. तेरेजा तेव्हा सात-आठ महिन्यांची होती आणि खेड्यात दाईकडे वाढत होती. लुई आलांसाँलाच राहिले. भाऊ-भावजय पाहुणचारात काही कमी पडू देत नव्हते, मुली आनंदात होत्या. परंतु ३१ ऑगस्टच्या पत्रात झेलीबाई पतीला लिहितात, की मुलींना मजा वाटते, माझे मात्र मन कशातच रमत नाही. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी माझी अवस्था झाली आहे. आपल्या संतकवींनी देवाच्या विरहासाठी वापरलेली जळावेगळी मासोळी येथे एका संसारी बाईने नवऱ्यासाठी वापरली, आणि तीही गळ टाकणाऱ्या नवऱ्याला लिहिताना! लग्नाला पंधरा वर्षे झाली होती, वय बेचाळिसाला आले होते. वयाबरोबर ओढ ओसरते असे मानणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे.

१८७६ च्या अखेरीस झेलीबाईंच्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निष्पन्न झाले. जून १८७७ मध्ये मारी, पोलीन आणि लेओनी यांना घेऊन त्या लूर्दच्या यात्रेला गेल्या. कुटुंबाचा हा प्रवास पहिल्यापासून शेवटपर्यंत फसला. मावशी त्याच फेब्रुवारीत निवर्तली होती, तिची जपमाळ पोलीनकडून हरवली. बरोबर घेतलेल्या खाण्याचे हाल झाले. तोल जाऊन झेलीबाईंची मान दुखावली आणि मग ती मान अखेरपर्यंत छळत राहिली. झऱ्याच्या थंडगार पाण्यात त्या चार वेळा उतरल्या. गुण आला नाही. लुई इकडे आठवडाभर चमत्काराच्या निरोपाची वाट पाहत होते. त्या परतल्या त्या मात्र अशा हसतमुखाने, की जणू मागितलेले पदरी पडले आहे. लुईंना त्याचेच नवल वाटले. मुली खट्टू झाल्या होत्या, त्यांची समजूत आईलाच काढावी लागली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेलीबाई गेल्या. वय पंचेचाळीस. सर्वांत धाकटी तेरेजा साडेचार वर्षांची होती.

येथून पुढचा इतिहास लुईंचा आहे, आणि तो आम्हांला विशेष सांगावासा वाटतो. चोपन्नाव्या वर्षी पाच मुली पदरात घेऊन हा गृहस्थ विधुर झाला. गावात त्यांचे मित्र होते, मासे धरण्याची ठरलेली ठिकाणे होती, पत्नीची कबर होती. ते सर्व सोडून त्यांनी नोव्हेंबरात लिझ्यूला बिऱ्हाड हलविले, कारण मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा. ले ब्युइसोने नावाचे बाग असलेले घर घेतले. माडीवरच्या खोलीत वाचन, बागेत काम, दुपारी धाकटीचा हात धरून फिरणे, वाटेत एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताची भेट आणि परतताना तिच्यासाठी पैशा-दोन पैशांची भेटवस्तू. गळ टाकायला जाताना तेरेजा बरोबर असे. १८७८ च्या उन्हाळ्यात त्यांनी थोरल्या दोघींना पॅरिसचे जागतिक प्रदर्शन दाखविले आणि त्याच ऑगस्टात तेरेजेला त्रुव्हिलचा समुद्र. तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो त्या दिवशी. किनाऱ्यावर कोणा जोडप्याने, मुलगी सुंदर आहे हो, असे म्हणताच लुईंनी खुणेने त्यांना थांबविले. पोर स्तुतीने बिघडू नये! सूर्यास्ताच्या वेळी पोलीनजवळ बसून पाण्यावरची सोन्याची वाट पाहिल्याचे तेरेजा पुढे लिहिते.

परंतु ज्याने एकदा आई गमावली आहे, त्या मुलाला बापाचा प्रत्येक प्रवास भीतीचा असतो. तेरेजा सहा-सात वर्षांची असताना लुई आलांसाँला गेले होते. भर दुपारी ती खिडकीतून बागेकडे पाहत होती. तिला दिसले, की अगदी वडिलांसारखाच पोशाख केलेला, त्यांच्याच उंचीचा, पण फार वाकलेला एक मनुष्य बागेतून चालला आहे आणि त्याच्या डोक्यावर कसलेसे वस्त्र झाकलेले आहे. ती थरथरत "पप्पा" अशी हाक मारू लागली. बहिणी धावत आल्या. मोलकरणीने गंमत केली असेल म्हणून तिला विचारले, तर ती स्वयंपाकघरातून हललीच नव्हती. सारी बाग शोधली, कोणीही नव्हते. बहिणींनी सांगितले, विसरून जा. ती विसरली नाही. हा दृष्टान्त होता की भेदरलेल्या बालमनाचा खेळ, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. इतिहास एवढेच सांगतो, की वडील प्रवासाला गेलेले असताना ही लेक त्यांना म्हातारे आणि मुख झाकलेले पाहत होती.

२ ऑक्टोबर १८८२ रोजी पोलीन कार्मेल मठात गेली. आईनंतर तेरेजेने तिलाच आई मानले होते. पुढच्या वर्षी पवित्र आठवड्यात लुई मारी व लेओनीला घेऊन पॅरिसला गेले. सेलीन व तेरेजा मामांकडे राहिल्या. ईस्टरच्या संध्याकाळी मामांनी प्रेमाने तेरेजेच्या आईच्या आठवणी काढल्या. पोर रडू लागली. मामा म्हणाले, ही फार हळवी आहे, हिला करमणूक हवी. सुटीत मुलींना कसे रमवायचे याचे बेतही ठरले. त्याच रात्री तेरेजेला थरकाप भरला आणि पुढे कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळली. १३ मे १८८३ रोजी, पवित्र मरियेच्या मूर्तीकडे पाहत असताना, ती बरी झाली, हे आपणांस ठाऊक आहेच. मामांची चूक काय झाली? आमच्या मते काहीच नाही. तरीपण मेलेल्या माणसाची आठवण आणि सुटीची मौज एका संध्याकाळी एकत्र आली की काय होईल, हे कोणाला सांगता येत नाही. लुईंनी मात्र त्याच ऑगस्टात मुलींना आलांसाँला नेले, जुन्या स्नेह्यांकडे आणि आईच्या कबरीपाशीही. तेरेजेने तेथे प्रार्थना केली, आणि ती आजारी पडली नाही.

आता १८८५. लुई बासष्ट वर्षांचे झाले. त्या ऑगस्टात लिझ्यूच्या एका तरुण धर्मगुरूंबरोबर ते सात आठवड्यांच्या प्रवासाला निघाले. म्युनिक, व्हिएन्ना, कॉन्स्टंटिनोपल, अथेन्स, नेपल्स, रोम. पाच मुलींचा विधुर बाप घर थोरलीवर सोपवून युरोपच्या टोकापर्यंत जातो, हे आजही पुष्कळांना खटकेल. आम्हांला ते खटकले नाही, उलट मनाला लागले. त्याचे कारण आमच्या पदरी असलेली एक चूक.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात असताना साठीच्या आतले एक गृहस्थ आमच्याकडे आले. पत्नी जाऊन आठेक महिने झाले होते. गावातून वेलंकणीच्या यात्रेची बस निघत होती. त्यांनी विचारले, "फादर, मी नाव घालू का? लोक नावे ठेवतील असे वाटते." आम्ही तरुण होतो आणि रीतिरिवाजांचा आम्हांला फार धाक होता. आम्ही म्हणालो, "वर्षाची मिस्सा तरी होऊ द्या." वर्षाची मिस्सा झाली. त्यानंतर त्यांनी आम्हांला काहीच विचारले नाही. ते ओटीवर बसू लागले, आणि बसलेच. मुले बोलवीत, नातवंडे ओढीत, ते उठत नसत. आमची त्या धर्मग्रामातून बदली झाली तेव्हा आम्ही त्यांचा निरोप घ्यायला गेलो. ते त्याच खुर्चीत होते. लुईंच्या प्रवासाविषयी वाचताना आम्हांला ती खुर्ची दिसते.

लुई आठवणीपासून पळाले असे मात्र कोणी समजू नये. वाटेतून ते मारीला पत्रे पाठवीत. इकडे २५ ऑगस्टला संत लुईंचा सण, म्हणजे वडिलांचा नामदिन, त्यांच्याविना आला. बारा वर्षांच्या तेरेजेने पत्र लिहिले, की तुम्ही येथे असता तर आज आपण सण साजरा केला असता. ज्याची आठवण येते त्याला पत्र लिहावे, एवढा साधा उपाय या घराला ठाऊक होता.

लेकीच्या बाबतीत मात्र प्रवासाचे गणित उलटे होते. जुलै १८८६ मध्ये तेरेजा मामीबरोबर त्रुव्हिलला गेली. या वेळी सेलीन सोबत नव्हती. दोन-तीन दिवसांतच ती अशी आजारी पडली की मामीला तिला परत आणावे लागले. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवताच आजार पळाला! घराच्या ओढीचा आजार, असे तिने स्वतःच त्याचे निदान लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मारीही मठात गेली. मग आला १८८६ चा नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्सेहून परतल्यावर चुलीपाशी ठेवलेले तेरेजेचे भेटवस्तूंनी भरलेले जोडे पाहून लुई त्रासून म्हणाले, हे शेवटचे वर्ष म्हणून बरे. ते तिने ऐकले, अश्रू गिळले आणि हसत खाली आली. तिच्या जीवनातील हे मोठे वळण म्हणून आम्ही धर्मगुरू दरवर्षी प्रवचनात सांगतो. पण त्या रात्रीच्या बापाकडे आमचे कधी लक्ष जाते का? त्रेसष्ट वर्षांचा, थकलेला, पत्नी नाही, दोन मुली मठात, तिसरीचीही चिन्हे दिसत होती. सणाच्या रात्री अशा माणसाच्या तोंडून एखादा तिखट शब्द निघाला तर त्याला फार बोल लावू नये.

१ मे १८८७ रोजी त्यांना अर्धांगवायूचा पहिला झटका आला. त्याच महिनाअखेरीस, पेंटेकॉस्टच्या दिवशी, बागेत बसलेल्या बापाजवळ तेरेजेने मठात जाण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी ती दिली. झटक्यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी, नोव्हेंबरात, ते सेलीन व तेरेजेला घेऊन रोमच्या यात्रेला निघाले. स्वित्झर्लंड, मिलान, व्हेनिस, लोरेटो, रोम, परतताना असिसी, फ्लॉरेन्स, नीस, लियाँ. महिनाभराचा प्रवास. २० नोव्हेंबरला पोप तेरावे लिओ यांच्यापुढे गुडघे टेकून तेरेजेने पंधराव्या वर्षी मठप्रवेशाची विनंती केली, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. आम्हांला अधिक आठवते ते परतीच्या वाटेवरचे. मुलीची निराशा पाहून लुईंनी विचारले, जेरुसलेमला जायचे का? लेक म्हणाली, नको. तिचे मन पृथ्वीवरच्या यात्रांना विटले होते, ती दुसऱ्याच वाटेला लागली होती. चौसष्टाव्या वर्षी, शरीर कच खात असताना, पुढच्या प्रवासाचा बेत करणारा येथे बाप आहे आणि थांबू पाहणारी पंधराव्या वर्षातली लेक!

९ एप्रिल १८८८ रोजी त्यांनी तिला मठाच्या दाराशी पोचविले. अडीच महिन्यांतच, २३ जूनला, ते घरातून नाहीसे झाले. चार दिवसांनी ल आव्र या बंदरात सापडले. आयुष्यभर प्रवास केलेल्या माणसाचा हा एकच प्रवास असा, की आपण कोठे व का निघालो हे त्याला ठाऊक नव्हते. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांना काँ येथील मनोरुग्णालयात ठेवावे लागले. मुलींनी मठाचा रस्ता धरून बापाला वेडे केले, अशी कुजबूज लिझ्यूत झाली. असे बोलणारे प्रत्येक धर्मग्रामात असतात. सेलीन व लेओनी काँ येथे बिऱ्हाड करून राहिल्या, परंतु भेटीची परवानगी आठवड्यातून एकदाच होती. मठातल्या मुलींना तेवढीही भेट नव्हती. बागेत डोके झाकून चाललेला तो वाकलेला मनुष्य कोण होता, हे तेरेजेला मठात गेल्यावर केव्हातरी उमगले. वडिलांच्या बुद्धीवर पडलेले आजाराचे वस्त्र तिला लहानपणीच दिसले होते, असे तिने मानले.

तीन वर्षांहून अधिक काळाने, १० मे १८९२ रोजी, पाय लुळे पडलेले लुई लिझ्यूला परत आले. दोन दिवसांनी त्यांना मठाच्या भेटीच्या दालनात नेले. जाळीआडच्या मुलींना निरोप देताना त्यांनी बोट वर करून कसाबसा एकच शब्द उच्चारला, "स्वर्गात". ती शेवटची भेट.

मामा गेराँ यांना १८८८ साली वारशाने ला म्यूस नावाचा एक वाडा मिळाला होता. एव्ह्रोजवळ, रानाने वेढलेला. घराण्याच्या उन्हाळी सुट्या तेथे जात. या सुटीत आजारी मेहुण्याचे काय करावे, असा प्रश्न गेराँ मंडळींनी केला नाही. लुईंनाही चाकांच्या खुर्चीसकट तेथे नेले. १८९३ च्या उन्हाळ्यात नेले, १८९४ च्या उन्हाळ्यातही नेले. सेलीन त्यांच्याजवळ असे. तेथेच २९ जुलै १८९४ रोजी, सुटीच्या दिवसांत, लुई मार्टिन यांनी डोळे मिटले. १९ ऑक्टोबर २००८ रोजी या दांपत्याला धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना एकत्रच संतपद दिले.

लुईंचे दफन लिझ्यूला झाले. झेलीबाईंची कबर सतरा वर्षे आलांसाँला होती, चौघा लेकरांच्याही कबरी तिकडेच. ऑक्टोबर १८९४ मध्ये मामांनी बहिणीच्या आणि त्या लेकरांच्या अस्थी आलांसाँहून आणविल्या व लिझ्यूच्या कबरस्थानात लुईंच्या शेजारी ठेवविल्या.